माथाडी आजोबा, ड्रायव्हर आजोबा

मराठी आठवणपर लेखनात आजोबा भेटतात ते बहुधा शेतकरी, शिक्षक, वारकरी किंवा स्वातंत्र्यसैनिक म्हणून. पुढे त्यांत गिरणी कामगार आजोबांची भर पडली, आणि दलित आत्मकथनांनी त्या पिढीच्या कष्टांचे एक वेगळेच जग वाङ्मयात आणले. अमेरिकी लेखनात याखेरीज आणखी एक आजोबा भेटतात: आयुष्यभर ट्रक चालवलेले आणि आपण युनियनचे ड्रायव्हर होतो हे निवृत्तीनंतरही अभिमानाने सांगणारे. ‘युनियनचा ट्रक ड्रायव्हर’ या शब्दांत तिकडे एका पिढीची प्रतिष्ठा सामावलेली आहे. मराठीत हेच शब्द उच्चारून पाहिले, तर ते कानाला परके वाटतात. आपल्याकडे ट्रक आहेत, ड्रायव्हर आहेत, युनियनही आहेत. पण ही तिन्ही सहसा एका वाक्यात येत नाहीत. ‘ट्रकचालकांचा संप’ असा मथळा वाचला, तरी आतली मागणी डिझेलच्या दराची, टोलची किंवा विम्याच्या हप्त्याची, म्हणजे मालकांची असते.

हे असे का घडले, हा प्रश्न आमच्यापुरता घरचा आहे. आम्ही दोघे एकाच आजोबांची नातवंडे, एक मुलाकडून आणि एक मुलीकडून. दोघेही आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमचे आजोबा, ज्यांना सारे घर आबा म्हणत असे, १९५० च्या सुमारास साताऱ्याच्या पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि मशीद बंदर व दाणा बंदर भागात पोती वाहू लागले. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, दहा वर्षांनी आले. ते आधी क्लीनर झाले आणि मग ड्रायव्हर. दोघा भावांचा जन्म एकाच मालाच्या मागेपुढे गेला. आबा फाळका पाडून हौद्यातला माल उतरवत; तात्या पुढे स्टिअरिंगवर बसत. एकाला युनियन मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही. दोघांच्या म्हातारपणात जो फरक पडला, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे असे आम्हाला वाटते. म्हणून आबांविषयी लिहायचे तर तात्यांना वगळून लिहिता येत नाही.

बिल्ल्याच्या आधी

आबा मुंबईत आले तेव्हाच्या घाऊक बाजारात हमालाला मालक असा नव्हताच. व्यापारी म्हणे, हा मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणे, मी फक्त टोळी आणतो. टोळी एका गावची, पुष्कळदा एका भावकीची. गाळ्यात ट्रक लागला की टोळीने तो रिकामा करायचा, फळीवरून चढत-उतरत पोती आत न्यायची आणि छतापर्यंत थप्पी रचायची. क्विंटल हा शब्द आम्हाला शाळेत कोष्टकातून कळला. आबांच्या लेखी ते मानेवर पेलायचे एक पोते होते. मजुरी नगावर. माल आला नाही तर दिवस फुकट. कंबर धरली तर गावी जायचे, आणि परत आल्यावर टोळीत जागा उरली असेल तर नशीब. ज्याच्या श्रमावर बाजार उभा होता, त्याचे नाव त्या बाजारातल्या एकाही वहीत नव्हते. वहीत पोत्यांचे नग असत.

या अवस्थेतून बाहेर पडण्याची वाट शेजारच्या गोदीत दिसली होती. तेथेही काम रोजचे, पण अनिश्चित, आणि मालक अनेक. त्यावर उपाय म्हणून १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा केंद्रीय कायदा आला आणि त्यानुसार बंदरांमध्ये मंडळे स्थापन झाली. कामगार कोणा एका कंपनीचा नसेल तर तो मंडळाच्या नोंदवहीत असू शकतो, ही ती कल्पना होती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने बाजारातल्या हमालांना संघटित केले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली. तेही पाटण तालुक्याचेच. आबांच्या पिढीने त्यांना पुढारी मानलेच, पण त्याआधी आपल्या मुलखाचा माणूस मानले. अण्णासाहेबांच्या संघटनेच्या नावातला एक शब्द आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे: महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन. ‘ट्रान्सपोर्ट’ नावात होते. कायद्यात मात्र त्याचा मागचा अर्धा भागच आला.

नोंद झालेला माणूस

‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ १९६९ साली झाला. त्याची रचना साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावी अशी आहे. किराणा बाजार, लोखंड बाजार, कापड बाजार, कापूस, माल वाहतूक अशा एकेका व्यवसायासाठी एक मंडळ. मंडळावर कामगार, मालक आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मंडळाकडे नोंदणी करायची, कामगारानेही करायची. टोळीच्या कामाची मजुरी मालकाने मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही वेगळी द्यायची. या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि औषधोपचार यांची तरतूद होई. मालक बदलला, गाळा बदलला, तरी कामगाराचे खाते बदलत नसे. ज्याला एकही मालक नव्हता, त्याला सारा बाजार मिळून मालक म्हणून उभा करणारी ही योजना होती. आज असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेची चर्चा निघते तेव्हा अभ्यासक या कायद्याकडे पुन्हा पुन्हा वळतात, ते याच कारणाने.

आमच्या घरात हा कायदा आला तो एका पितळी बिल्ल्याच्या आणि दरमहा मिळणाऱ्या चिठ्ठीच्या रूपाने. आबांना सही करता येई, वाचन जेमतेम. पगाराची चिठ्ठी ते आम्हा नातवंडांकडून वाचून घेत. मजुरी किती, फंडाचे किती, उचल किती, हातात किती. एक ओळ सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. आकडे त्यांना आधीच ठाऊक असत, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्यांना आपले नाव आणि नोंदणी क्रमांक कुणीतरी मोठ्याने वाचलेला ऐकायचा असे. आज वर्गात ‘वाचन म्हणजे काय’ असा प्रश्न निघाला की आम्हाला ही चिठ्ठी आठवते.

नातेवाइकांपैकी कुणी त्यांचा उल्लेख ‘मुंबईला हमाली करतात’ असा केला, तर ते शांतपणे दुरुस्ती करत: “हमाली न्हवं. माथाडी कामगार.” या दुरुस्तीत जातीचा, गावाचा किंवा पैशाचा तोरा नव्हता. ‘हमाल’ या शब्दात ओझे आहे आणि ते वाहणारे शरीर आहे. ‘कामगार’ या शब्दात एक करार आहे. करार म्हटला की दोन बाजू आल्या, दोघांची नावे आली, आणि दोघांवर बंधने आली. आबांचा युनियनविषयीचा अभिमान आम्ही लहानपणी मोर्च्यांशी आणि झेंड्यांशी जोडत होतो. ते मोर्च्यांना जातच असत. पण त्यांच्या बोलण्यात मोर्चापेक्षा नोंदवही अधिक येई. आपण या शहरात राबलो हे कुठेतरी लिहिलेले आहे, आणि ते कुणा शेठच्या मर्जीने पुसता येणार नाही, हा त्यांच्या अभिमानाचा गाभा होता.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने मशीद बंदर-भायखळ्याकडून वाशीला गेले. आबांच्या नोकरीची अखेरची वर्षे तेथे गेली, आणि कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत त्यांना घर मिळाले. ते घर लहान होते. पण एका पाठीवर दोन पिढ्यांचे शिक्षण झाले, ते त्या खात्यामुळे आणि त्या घरामुळे.

स्टिअरिंगची बाजू

तात्यांच्या आयुष्याला असे टप्पे सांगता येत नाहीत, कारण टप्पे सांगायला कागद लागतात. सुमारे तीस वर्षे त्यांनी ट्रक चालवला. किती मालकांकडे, याचा हिशेब त्यांनाही सांगता येत नसे. पगार थोडा, ट्रिपमागे भत्ता, आणि वाटेसाठी खर्ची. खर्ची उरली तर आपली, कमी पडली तर पदरची. टायर फुटला तरी दोष ड्रायव्हरचा, माल भिजला तरी ड्रायव्हरचाच. डोळे अधू झाले तेव्हा शेवटच्या मालकाने सांगितले, उद्यापासून येऊ नका. त्यात दुष्टपणाही नसावा. तो मालक दोन ट्रकांचा धनी होता, आणि त्यातला एक बँकेच्या कर्जावर होता.

नेमकी येथेच गोम आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा नव्हता असे नाही. १९६१ चा केंद्रीय मोटार वाहतूक कामगार अधिनियम होता. त्यात प्रौढ कामगाराला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, साप्ताहिक सुटी होती. पण तो मुळात लागू होई पाच किंवा अधिक वाहतूक कामगार असलेल्या उपक्रमांना. एसटी, बेस्ट यांसारख्या मोठ्या संस्थांत त्याला अर्थ होता, आणि तेथील चालक-वाहकांच्या युनियन बलवानही झाल्या. मालवाहू ट्रकांची मालकी मात्र बहुतांशी एक-दोन, फार तर पाच गाड्यांच्या मालकांत विखुरलेली. कायद्याच्या उंबरठ्याखालूनच हा धंदा चालत आला. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या अनुसूचीत सार्वजनिक वाहतुकीच्या वाहनांत माल चढवणे-उतरवणे हे काम आहे. ते वाहन चालवणे नाही. फाळक्याशी असलेला माणूस कायद्याच्या आत आला, स्टिअरिंगवरचा बाहेर राहिला.

दुसरे कारण जागेचे. आबांची टोळी रोज सकाळी त्याच गल्लीत जमत असे. भांडण, वर्गणी, सभा, संप, सारे त्या गल्लीत होई. तात्या आज इंदूरला, परवा हुबळीला. त्यांचे सहकारी ढाब्यावर भेटत आणि पहाटे पांगत. ज्यांचे काम त्यांना एकमेकांपासून दूर नेण्याचेच आहे, त्यांनी एकत्र यायचे कुठे?

तरीही हे अटळ होते असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच अमेरिकेतले उदाहरण उपयोगी पडते. तेथील ‘टीमस्टर्स’ संघटना १९०३ ची. ट्रक येण्यापूर्वीच्या घोडागाड्या हाकणाऱ्यांची. १९३४ साली मिनियापोलिस शहरात तिच्या एका स्थानिक शाखेने ट्रक ड्रायव्हरांचा जो संप केला, त्यात एक कळीचा मुद्दा असा होता की, गोदामाच्या आत माल हाताळणाऱ्या कामगारांना युनियनने आपले म्हणावे की नाही. मालकांचे म्हणणे, युनियन फक्त ड्रायव्हरांची. युनियनचे म्हणणे, आतले आणि बाहेरचे एकच. २० जुलै १९३४ रोजी पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळीबार केला. दोघांचा जीव गेला, साठांहून अधिक जखमी झाले. ऑगस्टमध्ये संप मिटला तो मुख्यतः कामगारांच्या बाजूने. त्या पायावर लांब पल्ल्याचे ड्रायव्हर संघटित होत गेले आणि १९६४ मध्ये साऱ्या देशासाठी मालवाहतुकीचा एकच करार झाला, ज्याच्या कक्षेत चार लाखांवर कामगार आले. ‘युनियनचा ट्रक ड्रायव्हर’ हे तिकडचे आजोबा या कराराची संतती आहेत. १९८० मध्ये मोटार वाहतुकीवरील सरकारी नियमन सैल झाले, बिगर-युनियन कंपन्या वाढल्या, आणि तो नमुना हळूहळू विरत गेला. म्हणजे तेथेही हा अभिमान मातीतून उगवलेला नव्हता; तो करारातून आला आणि करारासोबत ओसरला.

मिनियापोलिसमध्ये ड्रायव्हर आणि माल हाताळणारा एका बाजूला उभे राहिले. आपल्याकडे ते समोरासमोर आले.

वाराई

माल भरण्या-उतरवण्याच्या कामापोटी ट्रककडून घेतल्या जाणाऱ्या पैशाला वाराई म्हणतात. ती व्यापाऱ्याने द्यायची की ट्रकवाल्याने, हा महाराष्ट्राच्या बाजारपेठांतला जुना तंटा आहे. ‘जिसका माल उसका हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. घोषणेत तथ्य आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा वाराई जाते ड्रायव्हरच्या खर्चीतून, आणि मालक ती मोजून देईलच असे नाही.

आमच्या घरात हा तंटा ताटावर बसला होता. तात्या म्हणत की आम्ही रात्रभर जागून माल आणायचा आणि वर तुमच्या टोळीला पैसे मोजायचे. आबांचे उत्तर ठरलेले: “कामाचं दाम हाय त्ये. कुनी द्यायचं, त्ये तुझ्या मालकानं आन् शेठनं ठरवावं.” उत्तर चूक नव्हते. पण तोवर तात्यांचा खिसा रिकामा झालेला असे, हेही तितकेच खरे. दोघे मालकांविषयी बोलत असताना भांडत मात्र एकमेकांशी. तात्या एकदा म्हणाले होते, “दादा, तुमचा बिल्ला तुमच्याजवळ ऱ्हातो, माझी किल्ली मालकाकडं जाती.” त्यावर आबा काही बोलले नाहीत.

आजोबांवर प्रेम करणाऱ्या नातवंडांनी या बाजूकडे डोळेझाक करू नये. माथाडी टोळीतली जागा बहुधा नात्यातून मिळे. बाहेरच्याला ती सहज मिळत नसे. बाजारात सांडलेले धान्य झाडून-निवडून पोट भरणाऱ्या बायका त्याच गाळ्यांत राबत होत्या, आणि आबांच्या टोळीच्या गोष्टींत त्या कधी आल्या नाहीत. पुढे माथाडींच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या बोगस संघटनाही निघाल्या आणि त्यांचा डाग खऱ्या माथाडींवर पडला. युनियनने आबांभोवती जे कुंपण घातले, त्याने त्यांना वाचवले. कुंपणाबाहेर कोण राहिले, हे ते घालणाऱ्यांनी फारसे पाहिले नाही. तरी कुंपणच नको, हा याचा निष्कर्ष होऊ शकत नाही. तात्यांचे उभे आयुष्य त्याच्या विरोधातला पुरावा आहे.

कागद आणि आठवण

१९८२ हे साल मराठी साहित्याला गिरणी संपाचे साल म्हणून ठाऊक आहे. १८ जानेवारीला तो सुरू झाला आणि गिरणगावाच्या अस्ताचे वर्णन कथा, कविता, नाटक आणि मौखिक इतिहासातून आजवर होत आले आहे. त्याच वर्षी २३ मार्चला, मराठा आरक्षणाच्या मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी, अण्णासाहेब पाटील यांनी जीवन संपवले. आबांच्या वस्तीत त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत, असे आमच्या आया सांगतात. पण साहित्यातल्या १९८२ मध्ये हा दिवस सापडत नाही. अनिल अवचटांसारख्यांनी हमालांवर आस्थेने लिहिले. तरी माथाडींचे वाङ्मय म्हणावे असे काही उभे राहिले नाही. एक कारण असे असावे की गिरणी कामगार हरले आणि माथाडी, पुष्कळ अंशी, टिकले. पराभवाला शोकांतिका लाभते. लेव्ही, ग्रॅच्युइटी आणि पासबुक यांना वाङ्मयप्रकार लाभत नाही.

आणि ड्रायव्हरला यांपैकी काहीच लाभले नाही. आबांविषयी आम्ही आज लिहू शकतो, कारण त्यांच्या पत्र्याच्या पेटीत नोंदणीपत्र, पगारचिठ्ठ्या आणि फंडाचे कागद आहेत. त्यांवरून वर्षे लावता येतात. तात्यांचा एकच कागद घरात आहे: त्यांचे लायसन्स. शासनदरबारी त्यांचे नाव आले असेल तर ते त्यावर, किंवा चलनांवर. राज्याने ड्रायव्हरला संभाव्य गुन्हेगार म्हणून लिहून ठेवले, कामगार म्हणून नाही.

हा भूतकाळ नाही, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) नुसार, बेदरकारपणे वाहन चालवून मृत्यू घडवल्यावर न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. वर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. या वेळी मागणी डिझेलची किंवा टोलची नव्हती. ती स्टिअरिंगवरच्या माणसाची होती, आणि ती मान्यही झाली: १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवले गेले. मात्र २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांशी चर्चेला बसले ते अखिल भारतीय मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसचे, म्हणजे वाहतूकदारांच्या संघटनेचे, प्रतिनिधी. ज्यांनी गाड्या थांबवल्या, त्यांच्या वतीने बोलायला त्यांची स्वतःची संघटना तेथे नव्हती.

तात्यांची शेवटची चार वर्षे कोपरखैरण्याच्या घरात गेली. आबांच्या फंडातून झालेल्या त्या घरात दोघे भाऊ दुपारी शेजारी बसत. एकाची मान वाकलेली, दुसऱ्याचे डोळे गेलेले. तात्यांच्या औषधांचा खर्च आबांच्या पैशांतून होई. माथाडी मंडळाच्या लेव्हीने असा एक ड्रायव्हरही सांभाळला, ज्याच्यासाठी ती कधी भरलीच गेली नव्हती. भावाने भावासाठी केले, ही आमच्या घराची पुण्याई. पण ज्या ड्रायव्हरला असा भाऊ नव्हता, त्याच्यासाठीही एखाद्या वहीत खाते असायला हवे होते. १९६९ मध्ये ते महाराष्ट्राला सुचले होते, आणि फाळक्यापर्यंत येऊन ते थांबले.